प्रवेशमूल्य माफ

मार्चअखेरपर्यंत प्रवेशमूल्य माफ,
असं लाल अक्षरांत मीच छापून घेतलं होतं.
पहिला आला वॉली गेडिस.
दाराशी बूट झटकले त्याने. एकतीस वर्षांची सवय,
आता झटकायला गवतही नव्हतं बुटांना.

म्हणाला, ऊना, जरा उलगडून सांग.

मी चष्मा चढवला.
वर्षाची वर्गणी सातशे चाळीस पौंड.
दहा हप्त्यांत भरलीस तर सातशे नव्वद.
'म्हणजे ज्याच्याकडे कमी, त्याला पन्नास जास्त.'
मी पुढे वाचत गेले.
विम्याचे साडेसात. लॉकर हवा तर पस्तीस.
बारच्या कार्डावर शंभर आगाऊ,
प्यायलास काय, न प्यायलास काय.
सोमवार ते शुक्रवार घेतलंस तर स्वस्त,
पण शनिवार-रविवार मैदान बंद तुला.
'शनिवारी मी यंत्र ढकलत असायचो.
चेंडू डोक्यावरून जायचे. चालेल.'

मैदान देखभाल निधी, साठ.

इथे तो थांबला.
खिडकीबाहेर मोरेच्या खाडीवरून वारा,
सातव्या होलचं निशाण पार आडवं.
त्याखालचं शेवाळ यानेच खरवडलंय, रांगत, भाजी चिरायच्या सुरीने.
'हे साठ म्हणजे माझाच पगार ना गं?'
'आता रॉरीचा.'
'पोरगा पहाटे चारला येतो?'
'साडेसहाला.'
'मग चाळीस पुरेत.'

आणि माफीखालची बारीक अक्षरं:
तीन वर्षांच्या आत सभासदत्व सोडल्यास
माफ केलेले सहाशे पौंड परत भरावे लागतील.
आवळा देऊन कोहळा.
त्या ओळीसाठी कमिटीत मीही हात वर केला होता,
वाचताना मात्र आवाज आपोआप खाली गेला.

वॉली बहात्तरचा.
जानेवारीत ॲबर्डीनला जाऊन हृदयात जाळी बसवून आलेला.
'तीन वर्षं,' तो म्हणाला, डोळे बारीक करून,
लांबच्या फटक्याचं अंतर मोजावं तसं.
'आणि सोडणं म्हणजे, माणूस आपणहून सोडतो तेवढंच, की...'
नियमावलीत बघून सांगते, मी म्हटलं.
नियमावली मला तोंडपाठ आहे.
त्याबद्दल तिच्यात अक्षर नाही.

सूचक मी झाले. अनुमोदक शोधावा लागला.
सगळे ओळखत होते त्याला,
आडनाव कुणालाच सांगता येईना.
अखेर दंतवैद्य प्रिंगलबाईंनी हातमोजा न काढताच सही ठोकली.

पुढच्या मंगळवारी पहिल्या टीवरून
त्याचा पहिला चेंडू थेट वाळूच्या खड्ड्यात.
'कुठल्या गाढवाने खणलाय हा इथे!'
खिडकीपर्यंत ऐकू आलं.
त्यानेच खणला होता, ज्या वर्षी मी नोकरीला लागले.

तीन फटक्यांत बाहेर पडला.
मग दाताळं घेऊन पुन्हा आत उतरला,
वाळू सारखी करत राहिला,
कडेकडेने, कोपऱ्याकोपऱ्यातून,
मागचे चौघे घड्याळं बघत खोळंबले तरी.