उरलेल्या पट्ट्या

गोळीबार चौकात गोळ्या विकते मी;
हा विनोद दिवसातून एकदा कुणीतरी करतंच
आणि मी हसते, सुटे पैसे मोजता मोजता.

डोमाजी पौनीकर विनोद करत नाहीत.
काउंटरच्या काचेवर दोन्ही तळवे ठेवतात
आणि आधी पोटाचं बोलणं कळवतात:
"रात्री दोनले उठवते मले, बाई.
म्हणते, दे काही."
चाळीस वर्षं माग चालवलेला माणूस.
बोलताना पाय अजून पावडी दाबतात.

मी म्हटलं, ही कॅप्सूल उपाशीपोटी,
न्याहारीच्या अर्धा तास आधी.
ते दचकले. रिकाम्या पोटी औषध?
"आतडी जाळाची हायेत का माही?"
त्यांच्या आईनं सांगून ठेवलेलं:
गोळी म्हणजे इस्तव,
तिच्याखाली भाकर पाहिजे.
भाकर नसेल तर दूध,
दूध नसेल तर गुळाचा खडा तरी.
एवढ्या मायेनं सांगितलेलं
मी पाकिटावरच्या एका बाणानं कसं खोडू?

सुचलं ते विचारलं:
पांजण कधी करता तुम्ही?
कापड विणून झाल्यावर?
ते हसले, उरलेल्या दातांनी.
"आधी. ताण्याले खळ आधीच पाजा लागते.
नाहीतर धोटा फिरला का धागा तुटला."
मग तळवे काचेवरून उचलून
स्वतःच म्हणाले, "बरं. आधी घेतो."

त्या रात्री मी फार शहाणी होऊन झोपले.

दहाव्या दिवशी आले, चेहरा उजळलेला,
हातात चौदा पट्ट्यांचा तो डबा.
"जळजळ गेली. नऊ दिवस घेतलं.
नऊवार पुरे झालं, बाई.
उरलेलं वापस घ्या, कोनाच्या कामी येईन."

अजून पाच दिवस, मी म्हटलं.
"बरं वाटल्यावर काऊन?
अंगाले सवय लागते.
माह्या भावाले खर्र्याची लागली तशी."
मागाचं काहीच आठवेना मला आता.
इतकंच म्हणता आलं:
दुखणं गेलंय, दुखवणारा नाही गेला.
"दिसते का थो?"
नाही दिसत.
"मंग?"

मी डबा उघडला.
पाच हव्या होत्या. पट्ट्या तीनच.
दोन कुठे?
ते बाहेर पाहू लागले,
ई-रिक्षात कुणी साड्यांचे गठ्ठे रचत होतं.
"बुढीले देल्या. तिचं बी तसंच जळते.
दुर्बीण टाकतेत म्हणून दवाखान्यात येत नाही थे."
आणि मी काही म्हणायच्या आत, घाईघाईनं:
"पन तिले जेवल्यावर देली हं.
माहं सोडा. तिले इस्तव सोसत नाही."

तीन पट्ट्या काचेवर. त्यांचे तळवे त्यांच्या बाजूला.
मी त्या त्यांच्याकडे सरकवल्या,
त्यांनी माझ्याकडे,
मी पुन्हा त्यांच्याकडे.

या तुम्ही पुऱ्या करा, मी म्हटलं,
आणि उद्या त्यांना घेऊन या. इथंच, दुकानात.
माझ्याकडे दुर्बीण नाही, एक स्टूल आहे.

त्यांनी बराच विचार केला.
"दुपारी आनतो," म्हणाले.
"जेवल्यावर."