किती वेळ पाण्यात

फ्रिजवरचं वेळापत्रक माझ्याच हातचं.
साडेआठ प्रार्थना, नऊ गणित, दहा व्याकरण,
लाल शाईनं आखलेली रेघ न् रेघ,
जणू सोमवारी देव तपासणीला येणार.
सोमवारी कुणीच आलं नाही.
बंदरावरून धुकं तेवढं आलं
आणि दारात बसून राहिलं.

होलिसचा भागाकार तिसऱ्या ओळीत अडकलेला.
मॅरिबेल आठ वर्षांची,
अजून अक्षराखाली बोट धरून वाचते.
आणि माझी नणंद दर रविवारी चर्चच्या पायरीवर
किती गोड विचारते, "मग, कुठवर आलं वाचन?"
मी हसते. घरी येऊन वेळापत्रकात
आणखी अर्धा तास कोंबते.
पहाटे साडेचारला उठते, कणीक तिंबते,
कुणी म्हणू नये,
घरी शिकवते म्हणजे नुसत्या पाट्या टाकते.

आणि एका मंगळवारी, स्तोत्र वाचता वाचता,
मधल्याच ओळीत मी झोपले.
डुलकी नव्हे.
टेबलावर गाल, तोंड उघडं,
गालाखाली होलिसची वही.

जाग आली तेव्हा अंगावर
ऑल्डनचा मासळीचा वास मारणारा रेनकोट,
शेगडी विझलेली, लापशी भांड्याला धरलेली,
एझ्रानं मांजराच्या पायाला पट्टी बांधलेली.
कुणी काही शिकलं नव्हतं.
चमत्कार वगैरे झाला नव्हता.
फक्त माझ्या गालावर शाईनं उमटलं होतं
सत्तेचाळीस भागिले सहा.
मॅरिबेलनं ते वाचलं, बोट लावून, हळूहळू,
आणि म्हणाली, "आई, हे उलटं आहे."

मग माझ्या डोक्यात विश्रांतीचं वारं शिरलं.
वेळापत्रक ड्रॉवरमध्ये.
देव राखतो, म्हटलं, आपण कोण?
मुलं दुपारपर्यंत पायजम्यात,
मी खिडकीशी, थंड झालेली कॉफी हातात.
खरं सांगू? तो विसावा नव्हता.
पळपुटेपणाला मी प्रार्थनेचा झगा चढवला होता.
पंधराव्या दिवशी होलिस दारात उभा राहिला.
"आज आपण काही करणार आहोत का?"
आम्ही त्याला विसरलोय की काय,
अशा आवाजात.

रात्री ऑल्डन शेडमध्ये सापळ्यांना दोर बांधत होता.
शेवंडींचा हंगाम चार दिवसांवर.
मी विचारलं, "सापळा कधी ओढायचा, कसं कळतं तुला?"
तो सापळ्यांबद्दलच बोलला.
या दिवसांत त्याच्या मनात दुसरं काही नसतं.
"भिजू द्यावा लागतो.
लगेच ओढलास तर रिकामा.
फार राहिला तर आमिष संपतं,
मग आतल्या आत एकमेकींच्या नांग्या तोडतात."
"म्हणजे किती वेळ?"
त्यानं दातानं दोर ओढला, गाठ आवळली.
"पाण्यावर आहे. वाऱ्यावर आहे.
चुकतोच की मी पण."

मला आकडा हवा होता.

वादळात तो होडीत झोपला होता,
उशीवर डोकं ठेवून.
लहानपणापासून ऐकत आलेय.
हाक मारल्यावर उठला, हेही तिथंच आहे.
पण ती उशी होडीत कुणी आणून ठेवली होती,
कुणाच्या लक्षात होतं की आज तो दमणार,
ते नाव कुणी लिहून ठेवलं नाही.

वेळापत्रक पुन्हा फ्रिजवर आहे,
या खेपेला पेन्सिलनं.
बुधवारच्या दुपारचा चौकोन मी कोरा ठेवला.
काल न राहवून त्यात व्याकरण लिहिलं.
मग खोडलं.
खोडलेलं अजून दिसतं,
खिडकीतून ऊन आलं की.