सोडणं

बार्न्सलीला, चॅपलमागच्या उतारावर,
विल्फ हेपवर्थची कबुतरं होती.
हिरवी खुराडी, दाराला बिजागरीऐवजी चामड्याची पट्टी,
आणि शनिवारी आत आम्ही तिघं:
क्लाइव्ह, नेव्हिल आणि मी, विनय साळवे,
जालन्याच्या नर्सचा मुलगा,
ज्याला विल्फ शेवटपर्यंत ‘विन्नी’ म्हणाला.

रविवारच्या शाळेत तो आमचा मास्तर,
पण शिकवायचा तो इथेच,
फळीवरची शीट खरवडता खरवडता.
उजव्या हाताची दोन बोटं खाणीत राहिलेली.
उरलेल्या तिनांत मक्याचा दाणा धरून सांगायचा,
पेत्राने विचारलं, किती वेळा क्षमा करू? सात?
आणि येशूने जो आकडा सांगितला
तो मोजायला बसलास, पोरा,
तर हे पोतं पुरणार नाही.

त्या मार्चमध्ये क्लाइव्ह मला एक शब्द बोलला,
माझ्या कातडीवरून.
त्याची राखी मादी तळच्या खुराड्यात होती.
मी कडी काढून ठेवली.
विसरलो नव्हतो. काढून ठेवली.

सकाळी पिसं होती, आणि मांजर नव्हतं.
विल्फने कुणाला काही विचारलं नाही.
चहा ओतला, साखर ढवळत राहिला,
इतका वेळ, की मीच बोललो.
मग क्लाइव्हही बोलला, तो शब्द, पुन्हा, मान खाली घालून.
‘विन्नी, तू तिला उचल,’ विल्फ म्हणाला,
‘क्लाइव्ह, फावडं आण.’
एवढंच. त्या दिवशी वचन नाही, प्रार्थना नाही.
माती गोठलेली होती, खड्डा उथळच झाला.

मी त्याला सांगितलं,
आमच्या घरी आई संध्याकाळी मराठीत प्रार्थना करते,
तिच्यात माफ कर म्हणत नाहीत,
ऋण सोड म्हणतात.
‘सोड? टोपलीतून पाखरू सोडतो तसं?’
मी हो म्हटलं.
मला तेवढंच इंग्रजी येत होतं.

तेव्हा नेव्हिल, जो कधीच काही विचारत नसे, म्हणाला,
‘मग तुमचा स्टॅन्ली?’

स्टॅन्ली म्हणजे धाकटा भाऊ.
संपाच्या अकराव्या महिन्यात कामावर परतलेला.
अशा माणसाला तिकडे एक शब्द आहे,
आपला ‘फितूर’ त्याच्या जवळपास जातो,
पण फितुराच्या दारावर कुणी रंग ओतत नाही.
संप मिटून दोन वर्षं झाली होती.
दोघांच्या घरांमध्ये चार गल्ल्या.

विल्फने कप विसळला. उपडा ठेवला.
‘घरी जा आता,’ म्हणाला.

पुढच्या शनिवारी तो टोपली घेऊन निघाला, आम्ही मागे.
स्टॅन्लीच्या फाटकाशी थांबला. दार वाजवलं नाही.
पडदा हलला, एवढं मी पाहिलं.
विल्फने झाकण उघडलं.
चारशे मैलांवरून परतणारी ती मादी
एका धुराड्याला वळसा घालून घरी गेली,
आम्ही पोचलो तेव्हा निवांत दाणे टिपत होती.
क्लाइव्ह हसला. विल्फ नाही.

पुन्हा गेलो. पुन्हा.
मोजायचं नाही, असं त्यानेच शिकवलेलं,
पण नेव्हिल मोजत होता: अकरा.

बाराव्यांदा दार उघडलं.
पायात मोजे, हातात अर्धा टोस्ट,
स्टॅन्ली पायरीवरूनच ओरडला,
‘डावा पंख झडतोय तिचा. दिसत नाही का तुला?’

‘नाही,’ विल्फ म्हणाला,
‘बरेच दिवस दिसत नाही,’
आणि टोपली फाटकावरून पलीकडे धरली.
स्टॅन्लीने टोस्ट खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला.
हात पँटला पुसले, एकदा, मग आणखी एकदा.