सभासद क्रमांक: रिकामा

ग्रंथालयाच्या पाटीवर सेवा लिहिल्यात सात.
देवघेव. संदर्भ. वाचनकक्ष रात्री दोनपर्यंत.
परदेशी नियतकालिकं, पासवर्ड टाकून.
प्रबंधातली उचलेगिरी तपासून मिळेल.
झेरॉक्स, पानाला रुपया.
आणि सातवी, जिच्यापाशी नवी मुलं थबकतात:
हाडांचा अर्धा संच, अनामत दोन हजार.

मी मढवी, खारीगावचा.
हाडं मीच देतो, मीच मोजून परत घेतो.
बरगड्या बारा. मांडीचं एक,
डावं की उजवं ते कार्डावर.
मनगटाची आठ, दोऱ्यात ओवलेली,
त्यातलं वाटाण्याएवढं नेहमी हरवतं
आणि कुणाच्या तरी डब्याच्या पिशवीत सापडतं.
बापाने खाडीकाठच्या मिठागरात
जन्मभर टोपल्या मोजल्या.
मोजणं आमच्याकडे चालत आलेलं आहे.
बायकोला वाटतं, मी पुस्तकं मोजतो.

मागच्या सोमवारी ग्रंथप्रदर्शन झालं.
फीत कापायला कात्री कुणी आणलीच नव्हती,
शेवटी सर्जरीच्या वॉर्डातून आली, उकळलेली,
अजून कोमट.
नंतर नव्या मुलांना ग्रंथालयाची ओळख.
आधी समोसे संपले, मग मुलं.

उरली एकटी दामिनी वळवी, धडगावकडची.
पहिल्या महिन्यात इंग्रजी वाक्य संपेपर्यंत
तिला घाटी चढल्यासारखी धाप लागायची.
सारखी शब्द विचारायला यायची.
मला तरी कुठे येतात?
मी दोनशे पानी वही पुढे सरकवली,
म्हटलं, कळेल तसं लिहून ठेव,
मागून येणाऱ्यांना होईल.
आता तिसरी वही चालू आहे,
चार-पाच अक्षरं वेगवेगळी.
एडिमा: सूज. बोट दाबलं की खड्डा राहतो ती.
सिंकोपी: शुद्ध हरपणं. नुसती चक्कर नव्हे.
ही वही पाटीवर नाही.

काल रात्री सव्वा वाजता
सहा नंबर वॉर्डातून एक माणूस आला.
गळ्यात नातेवाइकाचा पास,
नखांत सुकलेला पांढरा डिस्टेंपर.
नियम चार: सभासदांखेरीज प्रवेश नाही.
त्याने चपला दाराबाहेर काढल्या होत्या,
देवळात काढाव्यात तशा.
नियम माझ्या तोंडात आला आणि तिथेच राहिला.
'थोरला भाऊ आहे,' म्हणाला, 'दिव्याहून आणलाय.
हा एवढा शब्द बघा, साहेब. गार्डेड.
म्हणजे राखण आहे ना?
कुणीतरी पहाऱ्याला आहे, असंच ना?'

मी वहीत ग काढला.
दामिनीचं अक्षर.
गार्डेड: आत्ता सांगता येत नाही. बहुतेक वाईट.
नातेवाइकांना बसवून सांगावं.

मी पहिल्या पूर्णविरामापर्यंत वाचलं.
मोठ्याने.
मग वहीत बोट घालून वही मिटली.

त्याने मान हलवली.
गेला नाही.
'पण राखण आहे ना?'

अकरा नंबरच्या टेबलावरून खुर्ची ओढल्याचा आवाज आला.
दामिनीने ती त्याच्यामागे आणून ठेवली.
'बसा, काका,' म्हणाली,
आणि स्वतः जमिनीवर बसली,
कारण दुसरी खुर्ची आणायला गेली असती
तर कदाचित तो उठला असता.

ती काय बोलली ते मी ऐकलं नाही.
मनगटाची हाडं काढून मोजत होतो.
सात. पुन्हा मोजली, आठ.
पुन्हा, सात.

दिवे दोन चाळीसला बंद केले.
विचारलं तर सांगेन, घड्याळ मागे होतं.
नोंदवहीत लिहावं तर लागतंच.
नाव: धर्मा सोनावळे.
सभासद क्रमांक: इथे काही लिहिलं नाही.
काय दिलं: खुर्ची, एक.
परत केल्याची वेळ लिहायला गेलो
तर ती अजून तिथेच होती, काउंटरसमोर,
दाराकडे तोंड करून.
सकाळी उचलीन म्हटलं.