कारण, अडीचशे अक्षरांत

शिवडी नाक्यावर झेरॉक्सचं दुकान,
संगणकाचे तासाला तीस रुपये.
लॅमिनेशनचा गरम वास, आणि समोर ट्रस्टचा फॉर्म
नाव आधीच भरून तयार:
घाडीगावकर रुचिरा दत्ताराम.
शिष्यवृत्ती नूतनीकरण, वर्ष तिसरे.

हजेरी अठ्ठ्याहत्तर टक्के. हिरवी खूण.
उत्पन्नाचा दाखला जोडला. हिरवी खूण.
सरासरी पाच पूर्णांक नऊ. साडेसहा हवी.
राहिलेले विषय एक. शून्य हवेत.
मग लाल अक्षरांत:
प्रगती समाधानकारक नाही, कारण नमूद करा.
खाली एक चौकोन
आणि त्याच्या कोपऱ्यात आकडा, २५०.

हे शब्द माझ्या ओळखीचे.
चौथीपर्यंत पाटणकर बाई दर सहामाहीला लिहायच्या,
प्रगती समाधानकारक,
आणि बाबा खाली सही करायचे,
कडेला ग्रीसचा अंगठा उमटवत.
समाधान कुणाचं, हे तेव्हा कुणी विचारलं नाही.

काल खिडकीतून तोरसकर मॅडम म्हणाल्या,
"घरात काही झालंय का गं? आजारपण? कुणी गेलं-बिलं?"
आवाजात आशा होती. माझ्यासाठीच होती.
मी मनात घरातली माणसं मोजली.
आई ठणठणीत.
आत्या मागच्याच आठवड्यात चार जिने चढून
कुणाच्या तरी डोहाळजेवणाला जाऊन आली.
"नाही मॅडम, सगळे बरे आहेत," म्हटलं,
आणि मला त्याची लाज वाटली.

सुमेधने काविळीचा दाखला आणलाय,
दोनशे रुपये, गोल शिक्क्यासकट.
"तुला टायफॉइड आणू? टायफॉइडला दिवस जास्त मिळतात."

खरं तर इतकंच झालं,
सप्टेंबरातल्या एका मंगळवारी
सरांनी फळ्यावर लाप्लास मांडला,
"कळलं ना?" म्हणाले,
आणि शेवटच्या बाकापर्यंत माना हलल्या.
माझीही हलली.
त्या एका मानेवर पुढचे बारा आठवडे रचत गेले,
आणि पेपरात सगळं खाली आलं.
कुणी मेलं नाही, काही बुडालं नाही.

माझ्या बाकावरचा अर्णव तीन विषयांत उडाला.
त्याच्या पप्पांनी फी भरली, हसत म्हणे.
त्याला कुणी चौकोन दिला नाही.
नापास व्हायला त्याला कारण लागत नाही.
मला लागतं, आणि तेही
वाचणाऱ्याचे डोळे थोडे पाणावतील असं.

बाबा परळच्या टॉवरांतल्या लिफ्ट दुरुस्त करतात.
सांगतात, दोन मजल्यांच्या मधे अडकली
की माणसं आधी दार ओरबाडतात,
मग एकमेकांवर ओरडतात.
घंटेचं बटण कुणाला दिसतच नाही,
समोर असतं, लाल, नारळाच्या करवंटीएवढं.
"दाबलं की खाली आम्हाला कळतं. पण दाबायचं कोण?
अडकलोय हे मान्य करायला लागतं ना."
मग चहात पाव बुडवतात, जणू दुसऱ्याच कुणाबद्दल बोलले.

मी लिहिलं,
आजीचं आजारपण. (आजी मी जन्मायच्या आधीच गेली.)
खोडलं.
कौटुंबिक अडचणींमुळे.
खोडलं. आकडा पुन्हा २५०.
दुकानदार म्हणाला, "ताई, पंचेचाळीस मिनिटं झाली."

मग:
तिसऱ्या सेमिस्टरचं गणित मला कळलं नाही.
विचारायची लाज वाटली.
घरी सगळे बरे आहेत.
आता रोज लायब्ररीत बसते.
लाप्लास अर्धा कळलाय.

शंभरावर अक्षरं उरली.
ती मी भरली नाहीत.
बटण दाबलं, चक्र फिरत राहिलं
फिरत राहिलं,
दुकानदार प्रिंट काढू का विचारत होता
आणि मला पहिल्यांदाच
सरांचा तो मंगळवारचा प्रश्न
नीट ऐकू आला.
"नाही सर," मी म्हटलं,
जरा मोठ्यानेच.
"म्हणजे प्रिंट नको?" तो म्हणाला.