शून्य नंबरचा बॉक्स

तासगावच्या कोल्ड स्टोरेजमध्ये सतरा वर्षं
मी बेदाण्याचे बॉक्स मोजते.
मोजते म्हणजे लिहिते : चेंबर, रॅक, लॉट, मालक,
आणि माल उचलला की लाल रेघ.
बाहेर एप्रिल, आत चार अंश.
भर उन्हाळ्यात स्वेटर घेऊन निघणारी
आमच्या गल्लीत मी एकटीच.

कॉम्प्युटर आला तेव्हा सांगलीच्या एका माणसाने
माझं रजिस्टर त्यात घातलं, आणि तो गेला.
मग काही अडलं की शेठ म्हणायचे, बंद करून चालू करा.
मला वाटायचं, हे कुणीतरी लिहिलंय ना,
मग ते वाचताही येत असेल.

एवढ्यावरून मी मास्तर शोधायला निघाले,
त्रेचाळिसाव्या वर्षी,
डब्यात दोन भाकऱ्या, पर्समध्ये शाळा सोडल्याचा दाखला.
दाखला कशाला घेतला होता कोण जाणे.

विश्रामबागेत जिन्याच्या तोंडाशी बोर्ड : शंभर टक्के नोकरी.
वरच्या सरांनी विचारलं, मुलगा कितवीत आहे?
म्हटलं, शिकायचंय मला.
ते हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं.
त्यांनी टायपिंगचा फॉर्म पुढे सरकवला.

कुपवाडच्या एकाने अख्खी वही भरून घेतली,
कॉम्प्युटरचे जनक, कॉम्प्युटरच्या पिढ्या.
कॉम्प्युटर मात्र टॉवेलाखाली झाकलेला.
मी टॉवेलाकडे बोट दाखवलं,
तर म्हणाला, ते परीक्षेला येत नाही.

नणंदेच्या दिराचा मुलगा पुण्यात मोठ्या कंपनीत,
फोनवर इतकं भरभर बोलला
की शेवटी मीच म्हटलं, जेव बाबा आता.

अश्फाक मुलाणीकडे मी गेले होते चार्जरसाठी.
स्टँडसमोर मोबाइलच्या काचा बदलायचं दुकान,
डिप्लोमा अर्ध्यात सोडलेला,
आणि गिऱ्हाइकांच्या मागे एक काळा स्क्रीन,
त्यावर पांढऱ्या ओळी, कुठे आत सरकलेल्या, कुठे बाहेर.
हे वाचता येतं?
त्याने स्टुलावरचे सुटे भाग उचलले. बसा, काकू.

म्हणाला, आधी तुमची चाळणी सांगा.
मी सांगितलं. जाड मणी वर राहतो तो वेगळा,
खाली पडेल तो पुढच्या चाळणीत,
काडी दिसली तर उचलायची,
ढीग संपेपर्यंत हेच.
काचेच्या रिकाम्या पुठ्ठ्यावर तो लिहीत होता :
असेल तर. नसेल तर. संपेपर्यंत.
काकू, म्हणाला, निम्मं तुम्हाला येतंच.
मला बरं वाटावं म्हणून म्हणत होता, कळत होतं.
बरं वाटलं.

मग मोजायचं आलं, आणि आमचं भांडण झालं.
इथे पहिला बॉक्स शून्य नंबरचा, म्हणे.
शून्य म्हणजे बॉक्सच नाही, मी म्हटलं,
शेतकऱ्याला काय सांगू, तुमचा पहिला माल आलाच नाही?
असं का?
त्याने स्क्रूड्रायव्हर कानामागे अडकवला,
काढला, पुन्हा अडकवला.
मला माहीत नाही, म्हणाला. उद्या बघून सांगतो.

तिथेच मी पर्स उघडली
आणि महिन्याची फी काउंटरवर ठेवली.

दुसऱ्या दिवशी त्याने सांगितलं,
तो नंबर बॉक्सचा नाही, पावलांचा.
दारापासून किती पुढे जायचं, तेवढाच.
मी चेंबर तीनचं दार उघडलं.
उंबऱ्यावरच उभी राहिले.
बाहीतून हात काढून पुढे केला,
पहिला बॉक्स हाताशीच होता.
गार, किंचित चिकट.
एकही पाऊल लागलं नाही.

काल माझ्या प्रोग्रॅमने
चारशे बारा बॉक्सचे चारशे अकरा सांगितले.
रॅकवर जाऊन मोजले, चारशे बारा.
शेठ म्हणाले, बंद करून चालू करा.
अश्फाकचा नंबर काढला, लावला नाही.
सगळे गेलेत. कॉम्प्रेसरची घरघर आहे,
भाकरी तशीच डब्यात.
वरून खाली, एक एक ओळ, बोट ठेवून.
इथेच आहे कुठेतरी.