धार

मेडिकल चौकाजवळची लॅब, मे महिना,
कूलरमध्ये पाणी नाही.
बरणीत साठ दात. कुणाचे,
ते विचारायचं नसतं.

के-फाइल पाव फेरा फिरवायची, ओढायची.
एच-फाइल नुसतीच ओढायची.
मग दात पुन्हा काट्यावर:
किती भुकटी गेली, लिहायचं.

एच जास्त कापते.
सहाव्या दातापर्यंत.
मग तीही घासत राहते, सवयीनं,
म्हाताऱ्या न्हाव्याच्या वस्तऱ्यासारखी.

एकोणचाळीसावा खर्र्यानं काळा पडलेला.
चिंधूजी नेवारे झाडू थांबवून वाकले.
"हा माहाच असन, मॅडम.
दिवाळीत तुम्हीच तं काढला."

मी पंखा बंद केला,
भुकटी उडू नये म्हणून.
चिंधूजी तिथंच उभे, जिभेनं
गालातली रिकामी जागा चाचपत.

तक्त्यात नावाला रकाना नव्हता.
शून्य पॉइंट आठ मिलिग्रॅम, लिहिलं.